दिव्यांग म्हणावं की अपंग? आणि बायोडाटात काय लिहावं?

प्रश्न : आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. माझी नणंद २४ वर्षांची आहे. तीन वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला आणि तेव्हापासून दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. कानाला यंत्र आहे. बारावी झाली, शिवणकाम चांगलं करते. तिच्याकडे कमी ऐकू येण्याचं ६४ टक्क्यांचं सरकारी प्रमाणपत्र आहे. ग्रामपंचायतीच्या यादीत तिचं नाव 'दिव्यांग' म्हणून वाचलं गेलं, तेव्हा सासरे तिथंच म्हणाले, "माह्या पोरीच्या आंगात कोणतं दिव्य हाये? तिले कमी आयकू येते, इतकीच गोठ हाये." शाळेतले एक सर म्हणतात की 'अपंग' म्हटलं तर आता गुन्हा दाखल होतो. गावातली पोरं तिला 'बहिरी' म्हणूनच ओळखतात. तिला स्वतःला दिव्यांग म्हटलेलं अजिबात आवडत नाही. आता स्थळं पाहणं सुरू आहे. मध्यस्थ म्हणतात, बायोडाटात 'दिव्यांग' एवढंच टाका, बाकीचं भेटीत बोलू. काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी सासऱ्यांबद्दल. त्यांनी जे विचारलं तेच देशभरातल्या अनेकांनी विचारलेलं आहे, त्यामुळे त्यांना कुणी अडाणी ठरवू नये. 'दिव्यांग' हा शब्द सरकारी वापरात येऊन फार वर्षं झाली नाहीत. २७ डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं. २०१६ च्या मे महिन्यात केंद्राच्या संबंधित विभागाच्या नावात तो शब्द आला. त्याच वर्षी संसदेत मंजूर झालेला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेला कायदा हिंदीत 'दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६' म्हणून ओळखला जातो. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात मात्र दिव्य वगैरे काही नाही, तिथं 'अक्षमता असलेली व्यक्ती' एवढाच साधा अर्थ आहे. महाराष्ट्रानं ३ डिसेंबर २०२२ ला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला आणि आता आपल्याकडच्या कागदांवर हाच शब्द रुळला आहे.

सुचवण्यामागचा हेतू चांगला होता : शरीरातल्या उणिवेकडे बोट दाखवणारा शब्द जावा. पण अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांनी २०१६ च्या सुरुवातीलाच लेखी हरकत घेतली. अक्षमता ही देवाची देणगी नाही आणि नाव गोड केल्यानं रॅम्प होत नाही, शिक्षक मिळत नाही, नोकरी मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनंही २०१९ मध्ये भारताविषयीच्या निरीक्षणांत या शब्दावर वाद असल्याची नोंद घेतली. म्हणजे तुमच्या नणंदेला तो शब्द खटकतो यात तिचा हट्ट नाही, बरोबरीचे अनेक जण तिच्या बाजूनं आहेत. तसेच हा शब्द आपलासा केलेलेही पुष्कळ आहेत. 'लंगड्या', 'थोट्या' ऐकत वाढलेल्या माणसाला 'दिव्यांग' ऐकून बरं वाटत असेल, तर ते त्याच्याकडून हिरावून घेण्याचं कारण नाही.

आपल्या वऱ्हाडात मानाच्या शब्दाचं एक जुनं उदाहरण आहे. चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे संत गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले होते. लोक त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणतात. पण तो मान त्यांच्या ज्ञानाला आहे. दुसऱ्याकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनी स्वतः केवढे ग्रंथ रचले! तोच शब्द दिसत नसलेल्या प्रत्येकाला सरसकट लावला तर मानही राहत नाही आणि माहितीही मिळत नाही. 'दिव्यांग'चं बऱ्याच ठिकाणी तेच होतं.

आता कागदाचं. अर्ज, यादी, ठराव, प्रमाणपत्र, योजना, बसची सवलत या सगळ्या ठिकाणी 'दिव्यांग' हाच शब्द वापरा, तिथं वाद घालू नका. तो त्या खात्याचा शब्द आहे आणि संगणकावरच्या अर्जातही तोच येतो. जुन्या कागदावर 'अपंगत्वाचे प्रमाणपत्र' असं छापलेलं असेल तर केवळ त्या शब्दामुळे ते बाद होत नाही. पण आता बहुतेक योजनांना युडीआयडी म्हणजे वैश्विक ओळखपत्र मागतात. तिचं प्रमाणपत्र जुन्या हस्तलिखित पद्धतीचं असेल, तर स्वावलंबन पोर्टलवर नवीन अर्ज भरून ते जोडावं लागेल. सेतू केंद्रात हे करून देतात. आधार कार्ड, फोटो, सही किंवा अंगठा आणि जुनं प्रमाणपत्र सोबत न्या. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावामुळे : आधारवर एक स्पेलिंग, बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, प्रमाणपत्रावर तिसरं. आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज भरा. अक्षमतेच्या प्रकारात 'श्रवण' निवडा. बोलणं अस्पष्ट आहे म्हणून सेतूवाला आपल्या मनानं 'वाचा व भाषा'वरही टिक करून टाकतो, मग रुग्णालयात दोन विभागांच्या फेऱ्या होतात. तो प्रकार डॉक्टरांनी सांगितला तरच लावा. ६४ टक्क्यांना पिवळ्या रंगाचं कार्ड येतं (४० च्या खाली पांढरं, ८० आणि पुढे निळं). ४० टक्के भरले की एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते.

'अपंग' या शब्दाची खरी अडचण अपमानाच्या आधी दुसरीच आहे. 'पंगू' म्हणजे पायानं अधू. गावात 'अपंग' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कुबडी नाहीतर तीनचाकी सायकल येते. ग्रामपंचायतीनं 'अपंगांनी अर्ज करावेत' अशी दवंडी दिली की ऐकू न येणाऱ्या मुलीचा बाप, सिकलसेलच्या पोराची माय, कुष्ठरोगातून बरा झालेला म्हातारा, यांतलं कुणीच जागचं हलत नाही, कारण ते आपल्याला अपंग समजतच नाहीत. 'दिव्यांग' म्हटल्यानंही हे सुटत नाही, उलट आणखी धूसर होतं. १९९५ च्या कायद्यात अक्षमतेचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मनोविकार, स्वमग्नता, ठेंगूपणा, ॲसिड हल्ल्यानं आलेली विद्रूपता आणि कुष्ठमुक्त व्यक्ती हे सगळे येतात. सिकलसेल विदर्भात किती घरांत आहे हे वेगळं सांगायला नको. (नुसता वाहक असेल तर तो यात येत नाही, प्रत्यक्ष आजार असावा लागतो.)

म्हणून ग्रामसभेत सासऱ्यांनी शब्दावर हरकत घेण्यापेक्षा एक मागणी करावी : नोटीस बोर्डावर 'दिव्यांग'च्या खाली प्रकार साध्या मराठीत लिहा. 'ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसतं, ऐकू येत नाही, चालता येत नाही, हात-पाय गेलेला आहे, बुद्धीची वाढ कमी आहे, मानसिक आजार आहे, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे, कुष्ठरोग झालेला होता, त्यांनी व त्यांच्या घरच्यांनी ग्रामसेवकांकडे नाव नोंदवावं.' ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले ५ टक्के यांच्यासाठी खर्च करायचे असतात. नोंदच अपुरी असेल तर तो पैसा ओळखीच्या चार-दोन नावांवर खर्ची पडतो, हे गावोगाव घडतं आणि ते थांबायला हवं.

सरांनी सांगितलेलं अर्धं खरं आहे. 'अपंग' हा शब्द उच्चारला म्हणून गुन्हा होत नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ नुसार, चारचौघांसमोर अपमान करण्याच्या इराद्यानं जाणूनबुजून पाणउतारा केला किंवा धमकावलं तर तो गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यात कोणता शब्द वापरला त्यापेक्षा इरादा आणि जागा पाहिली जाते. 'दिव्यांग' हा शब्दही कुचेष्टेनं फेकला तर तो याच कलमात बसू शकतो, आणि आजोबांनी सवयीनं 'अपंग' म्हटलं तर बसत नाही. पानठेल्यावर पोरं रोज ठरवून 'ए बहिरे' म्हणून मागून टाळ्या वाजवत असतील, ती वळली की हसत असतील, तर तो इरादा झाला. आधी त्या पोरांच्या घरी जाऊन स्पष्ट सांगा. तरी चालू राहिलं तर तारीख, वेळ, कोण हजर होतं हे लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देताना कलमाचा उल्लेख करा. ठाण्यात हे कलम माहीत नसलं तर आश्चर्य वाटू देऊ नका, कायद्याच्या त्या पानाची प्रत सोबत ठेवा.

मग तिला म्हणायचं काय? रोजच्या बोलण्यात तिचं नाव. शिवायला कापड कुणाकडे दिलं, तर तिच्या नावानं सांगा, 'त्या बहिरीकडे' किंवा 'त्या दिव्यांग ताईकडे' नको. न ऐकण्याचा संबंध असेल तेवढ्याच ठिकाणी त्याचा उल्लेख यावा : 'तिला कमी ऐकू येतं, समोर जाऊन बोल.' हे वाक्य कुठल्याही नामापेक्षा उपयोगाचं आहे, कारण ऐकणाऱ्याला पुढं काय करायचं ते कळतं. एक शब्द हवाच असेल तर 'कर्णबधिर' बरा. 'मूकबधिर' आणि 'मुकी-बहिरी' टाळा. मूक म्हणजे वाचा नसलेला. तुमची नणंद बोलते आणि बहुतेक कर्णबधिरांचा आवाज शाबूत असतो. लहानपणी स्वतःचा आणि दुसऱ्याचा आवाज ऐकायला न मिळाल्यामुळे उच्चार वेगळे राहतात, एवढंच. ती मूकबधिर विद्यालयात शिकली असेल तर दाखल्यावरचं ते नाव शाळेचं आहे, ते खोडायच्या भानगडीत पडू नका.

'विशेष', 'स्पेशल' याही शब्दांबाबत आमचं मत सांगतो. 'आमची पोरगी विशेष आहे' असं म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि काहीच कळून घेत नाही. बुद्धीची वाढ कमी असलेल्या मुलाला, स्वमग्न मुलाला आणि तुमच्या नणंदेसारख्या हुशार मुलीला एकाच शब्दात कोंबलं जातं. गावात तर 'विशेष शाळा' ऐकलं की 'डोक्यानं कमी असेल' असा अर्थ लगेच काढतात आणि स्थळाच्या वेळी तो भोवतो.

पण हे सगळं आम्ही ठरवून उपयोग नाही. तिलाच विचारा. तिच्यासमोर बसून, एका कागदावर चार शब्द लिहा : कर्णबधिर, दिव्यांग, कमी ऐकू येणारी, बहिरी. शेजारी चार जागा लिहा : घरात, गावात, सरकारी कागदावर, बायोडाटात. कुठं कोणता चालेल ते तिला खूण करू द्या. एखाद्या जागी तिनं सगळेच खोडले तर तेही उत्तर आहे. कर्णबधिरांमध्ये एकमेकांना नावाची खूण देण्याची रीत आहे : गालावरचा तीळ, केसांची बट, कामाची लकब, यांवरून हाताची एक खूण ठरते आणि तीच त्या माणसाची हाक होते. तिची तशी खूण आहे का, हेही विचारा. असेल तर घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्या, टाळ्या वाजवून बोलावणं आपोआप बंद होईल.

आता बायोडाटा. मध्यस्थांचं ऐकू नका. नुसतं 'दिव्यांग' लिहिलं तर वाचणाऱ्याला ती चालू शकत नाही की तिला दिसत नाही, काहीच कळत नाही, आणि माणूस न कळलेल्या जागी नेहमी वाईटात वाईट धरतो. चांगली स्थळं न भेटताच परत जातात. उलट 'थोडं कमी ऐकू येतं' असं लिहिलं तर भेटीत अंदाज चुकतो आणि 'आम्हाला फसवलं' हे ऐकावं लागतं. हे फक्त बोलण्यावर थांबत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, जोडीदाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर दुसरी बाजू लग्न रद्द करून मागू शकते. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत त्यांना अर्ज करता येतो. म्हणून ही माहिती लेखी, आधी आणि नेमकी जायला हवी. त्यात तुमच्या नणंदेचंच रक्षण आहे.

टक्केवारी बायोडाटात घालू नका. ती योजनांसाठी आहे. कानांची टक्केवारी काढताना चांगल्या कानाच्या आकड्याला पाचपट वजन देऊन त्यात दुसऱ्या कानाचा मिळवतात आणि सहानं भागतात. म्हणून एक कान पूर्ण गेलेला पण दुसरा ठणठणीत असलेल्या माणसाचे ४० टक्केही भरत नाहीत. हा हिशोब डॉक्टरांना कळतो. मुलाच्या आईला '६४ टक्के' वाचून वाटतं की शंभरातल्या चौसष्ट गोष्टी हिला जमत नाहीत. तिला काय ऐकू येतं आणि बोलणं कसं होतं, ते लिहा. शिक्षण आणि कामाच्या ओळींनंतर, त्याच आकाराच्या अक्षरात, असं काही :

'वयाच्या तिसऱ्या वर्षी मेंदूज्वर झाल्यामुळे दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. श्रवणयंत्र वापरते. समोरून सावकाश बोललेले समजते, गर्दीत व फोनवर समजत नाही. मेसेज व व्हिडिओ कॉल वापरते. स्वतः बोलते, नवीन माणसाला उच्चार समजायला थोडा वेळ लागतो. शिवणकामाची स्वतःची मिळकत आहे.'

प्रत्येक ओळ तिच्यासोबत तपासा. फोनवर तिला खरंच काही कळत नाही, की ओळखीच्या माणसाचं कळतं? यंत्र दिवसभर लावते की फक्त बाहेर जाताना? जे खरं तेच लिहा. मेंदूज्वराची ओळ मुद्दाम ठेवली आहे, कारण प्रत्येक स्थळाच्या मनात पहिली शंका 'पोरांना होईल का' हीच असते. जन्मानंतर झालेल्या मेंदूज्वरानं गेलेलं ऐकू येणं मुलांकडे जात नाही. त्या आजारपणाचे कागद असतील तर जपून ठेवा. नसतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना श्रवणचाचणीचा अहवाल दाखवून तसं लेखी मत मागा, म्हणजे चहाच्या वेळी नुसत्या तोंडी शब्दावर भिस्त राहणार नाही. 'निर्व्यंग', 'सव्यंग' हे जाहिरातींतले शब्द मात्र वापरू नका. माणसाला धान्यासारखं निवडल्यासारखं वाटतं ते.

पाहुणे येतील त्या दिवसाची तयारी वेगळी करा. तिला खिडकीकडे तोंड करून बसवू नका, आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असं पाहुण्यांना बसवा. ती ओठ वाचते, त्यामुळे उजेड त्यांच्या तोंडावर हवा. कूलर आणि टीव्ही बंद ठेवा, यंत्रातून तो आवाजच मोठा होऊन येतो. यंत्रातला सेल आदल्या रात्री बदला. एका वेळी एकानंच बोलावं हे पाहुण्यांना आधीच सांगा. ओरडू नका असंही सांगा : ओरडल्यानं तोंडाचा आकार बदलतो आणि कळण्याऐवजी गोंधळ होतो. खर्रा तोंडात धरून बोलणाऱ्याचे ओठ तिलाच काय, कुणालाच वाचता येणार नाहीत, तेव्हा मंडळींना तो आधी थुंकून यायला सांगायला लाजू नका. तिच्या हातात वही-पेन द्या. आणि तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका. मुलगा आणि ती यांना अर्धा तास समोरासमोर बसू द्या. बोलणं जमतं की नाही हे दोघांनाच कळेल, मध्यस्थाला नाही.

दिव्यांग आणि अव्यंग व्यक्तीच्या लग्नाला सरकारचं प्रोत्साहन अनुदान आहे. जिल्हा परिषदेत दिव्यांगांचं काम पाहणाऱ्या कक्षात चौकशी करा, पण हे अनुदान स्थळाच्या बोलणीत पुढे करू नका. पैशासाठी होकार देणारं घर तुम्हाला नको आहे. लग्न ठरलं आणि आडनाव बदलणार असेल, तर आधी विवाह नोंदणी, मग आधार, त्यानंतर युडीआयडीवर नावाची दुरुस्ती आणि शेवटी बँकेचं खातं, याच क्रमानं करा. क्रम चुकला तर अनुदान, मानधन जे काही चालू असेल ते नाव जुळत नाही म्हणून अडकतं.